सर्व्हरचं वर्षासन

नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चार-पाच तरुण मंडळी, नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणं आटोपल्यावर मराठीसाठी एक मोफत सॉफ्टवेअर लिहीत आहेत असं धरून चालू. बोललेलं मराठी टंकून देणारं म्हणा, किंवा इंटरनेट नसताना चालणारा शब्दकोश म्हणा. कोड फुकट, मेहनत फुकट, उत्साहाची तर ददात नाही. तयार झालेली फाइल १ जीबीची. आता ती कुठेतरी ठेवायची आणि मागेल त्याला उतरवून घेऊ द्यायची, एवढंच उरलं.

ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई केंद्रात १ जीबी ठेवायला महिन्याला अडीच सेंट पडतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर दोन रुपये आणि वर काही पैसे. तेवढ्यात टपरीवर अर्धा चहाही मिळत नाही. मंडळी खूश. मग कुणीतरी त्या सॉफ्टवेअरबद्दल चांगले चार शब्द लिहितो आणि महिन्याभरात हजार जण ते उतरवून घेतात. बाहेर जाणाऱ्या मजकुराचे पहिले १०० जीबी फुकट. उरलेल्या ९०० जीबीला दर जीबीमागे जवळजवळ अकरा सेंट. म्हणजे आठ हजार तीनशे-चारशे रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, की बिल दहा हजारांच्या घरात. ठेवायला दोन रुपये आणि द्यायला दहा हजार.

पहिल्या महिन्याचे दहा हजार आपसात वर्गणी काढून भरले जातात. लोकप्रियतेची ती पावतीच असते, देणाऱ्याला वाईट वाटत नाही. दिवाळी जाते, होळी जाते. एकाचं लग्न ठरतं, दुसऱ्याला पुण्याला नोकरी लागते. बिल मात्र दर महिन्याला येतच राहतं. हौशी मंडळींचे मराठी प्रकल्प बंद पडतात ते इथे, आणि त्याचं खापर फोडलं जातं ‘लोकांना मराठीचं प्रेम नाही’ यावर. प्रेम असतं हो. वर्षासन नसतं.

वर्षासनाचा, म्हणजे दर वर्षीच्या खर्चाची कायमची तजवीज करण्याचा, विचार आपल्याकडे नवा नाही. त्याचं सर्वांत नेटकं अंदाजपत्रक जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवलेलं आहे. पांडवलेणींतलं दहावं लेणं क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला दिलं. लेणं कोरलं, दान दिलं, पुण्य पदरात पडलं, एवढ्यावर हा गृहस्थ थांबला नाही. या लेण्यात पावसाळ्यात जे भिक्खू राहतील त्यांच्या कपड्यालत्त्याचं काय, हे त्याने त्याच लेण्याच्या भिंतीवर लिहून ठेवलं. ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव. त्यातली २,००० गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे), दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेली १,००० कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं वस्त्रांसाठी. दुसरीच्या व्याजातून किरकोळ खर्च.

हिशेब पडताळून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे २४०. शिल्लक शून्य, तूट शून्य. आधी खर्च ठरवला, त्यावरून मुद्दल काढलं. आजच्या बहुतेक देणगीदारांचा क्रम नेमका उलटा असतो: आधी धनादेशावरचा आकडा, मग त्यात काय बसतं ते पाहू. पैसा एकाच ठिकाणी न ठेवता दोन श्रेणींत, दोन दरांनी ठेवला, हेही ध्यानात घ्यायला हवं. आणि सगळा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरात नोंदवला असं लेख सांगतो. देणगी कुणी दिली, कुठे ठेवली, कशावर खर्च व्हायची, हे कुणालाही वाचता येईल असं दगडावर. आपल्यातल्या किती प्रकल्पांचा जमाखर्च इतका उघडा असतो?

पण अक्षय म्हणून ठेवलेली ही ठेव खरोखर अक्षय राहिली का? उषवदाताच्या या दानाला फार वर्षं झाली नसतील, तोच गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांची सत्ता मोडली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. सासऱ्याच्या नाण्यांवर दुसऱ्याच राजाची मोहर उठली. ठेव कोणत्या चलनात आहे आणि खर्च कोणत्या चलनात आहे, हा प्रश्न तेव्हाही होता. सर्व्हरचं भाडं डॉलरमध्ये किंवा युरोत भरणाऱ्या आणि वर्गणी रुपयांत गोळा करणाऱ्या माणसाला तो चांगलाच परिचयाचा आहे.

दुसरी रीत चाळीसगावजवळच्या पाटणला दिसते. तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तोच आपल्या कामाचा. तिथे एकरकमी देणगीवर न थांबता बाजारपेठेवर छोटे-छोटे लाग बसवलेले आहेत. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, अशा हिशेबाने. ‘सिद्धान्तशिरोमणि’ शिकवणारी शाळा चालायची ती पेठेतल्या देवघेवीवर. ठेव बुडू शकते, राजा बदलू शकतो. पण लोक जेवणात तेल घालतात तोवर घाणा फिरणार आणि पळी भरणार. ज्याच्या भोवती रोजचा व्यवहार चालतो त्यातूनच कणभर बाजूला काढायचं, ही या रीतीची अक्कल. माझ्या मते ठेवीपेक्षा ती जास्त टिकाऊ आहे, आणि विनामूल्य सॉफ्टवेअरवाले तिच्याकडे सहसा वळत नाहीत, कारण वापरणाऱ्याकडे काही मागणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

नागपूरला या बाबतीत एक मोठा वारसा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि १९१६ साली त्यांनी ज्ञानकोशासाठी कंपनी उभी केली ती नागपुरात. ज्ञानकोश मंडळ, लिमिटेड. मराठीतला पहिला मोठा विश्वकोश राजाश्रयावर किंवा एखाद्या संस्थानिकाच्या मेहेरबानीवर न काढता भागभांडवलावर काढायचा, हा विचार त्या काळात धाडसाचा होता. भाग विकायला, वर्गणीदार जमवायला केतकर गावोगाव हिंडले. पुढे मंडळाची कचेरी पुण्याला हलली. पाच प्रस्तावना खंड, मग अकारविल्हे खंड, सूची आणि हिंदुस्थानवरचा खंड धरून २३ खंड बाहेर पडले. १९२७ साली केतकरांनी ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहासही लिहिला. प्रकल्पप्रमुखाने स्वतःच्या उद्योगाचा जाहीर जबाब द्यावा, हे आजही दुर्मीळ आहे.

तरी ज्ञानकोश पूर्ण झाला तिथेच थांबला. वर्गणीदाराने २३ खंडांचे पैसे भरले, २३ खंड त्याच्या कपाटात आले, करार संपला. ज्ञान मात्र तिथे थांबत नाही. दर पाच वर्षांनी पुरवणी काढणारी, चुका दुरुस्त करणारी, जुने लेख बदलणारी यंत्रणा मागे उरली नाही, कारण तिचा पैसा मूळ आराखड्यात कुठेच नव्हता. केतकरांना यात दोष देणं कृतघ्नपणाचं होईल. कागदी ग्रंथाला तेवढी सवलत होती. एकदा छापलं की साठवणीचा खर्च वाचकाच्या घरी जातो. त्याचं कपाट, त्याची वाळवी. पुस्तक शंभर वर्षं कुणी उघडलं नाही तरी प्रकाशकाला त्याचं बिल येत नाही. संगणकावर ठेवलेल्या मजकुराला ही सवलत नाही. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संकेतस्थळावर आणला तेव्हा १९२० च्या दशकात छपाईबरोबर मिटलेलं खातं पुन्हा उघडलं, आणि ते आता मिटायचं नाही. डोमेनचं भाडं, सर्व्हरचं भाडं, सुरक्षेच्या दुरुस्त्या, दर वर्षी.

‘पण साठवण तर दिवसेंदिवस स्वस्त होते,’ असं यावर कुणीतरी म्हणतोच. खरं आहे. १९५६ साली आयबीएमचा रॅमॅक आला तेव्हा ५० तबकड्यांच्या त्या अजस्र कपाटात ५० लाख अक्षरं मावत आणि भाडं महिन्याला ३,२०० डॉलर होतं. आज तेवढं मोबाइलमधल्या एका फोटोत संपतं. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणीची सेवा सुरू केली तेव्हाचा दर महिन्याला जीबीमागे १५ सेंट होता. आता मुंबईत अडीच. सहापट उतार. आता तेच रुपयांत मांडून पाहू. २००६ ला डॉलर ४५ च्या आसपास होता, म्हणजे जीबीमागे पावणेसात रुपये. आज, डॉलर वरच्यासारखाच ८५ ला धरून, सव्वादोनच्या आत. सहापटीची तिप्पट झाली, तरी उतार आहेच. पण बाहेर मजकूर देण्याचा दर बघा. २००६ ला २० सेंट, म्हणजे ९ रुपये. आज मुंबईतून साडेदहा-अकरा सेंट, म्हणजे सव्वानऊ रुपये. वीस वर्षांत संगणकशास्त्राने केवढी मजल मारली, आणि आपल्या रुपयात एक जीबी लोकांना देण्याची किंमत जिथल्या तिथे.

म्हणून ‘पुढे स्वस्त होईल’ यावर अंदाजपत्रक बांधू नये. हुडकेश्वरच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. ज्यांनी इथे गावाच्या हद्दीबाहेर, शेतातल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतले त्यांना प्लॉटची किंमत तोंडपाठ असते. पण रस्ता, गडरलाइन, नळ, विकास शुल्क यांत नंतरच्या पंधरा वर्षांत किती गेले आणि तोवर टँकरची वाट किती बघितली, ते मोजायला कुणी बसत नाही. डोमेन आणि सर्व्हर घेणं म्हणजे प्लॉट घेणं. खरेदीखतावर जो आकडा असतो त्यापेक्षा खाली जे लिहिलेलं नसतं ते महाग पडतं.

या न लिहिलेल्या खर्चाचं मोठं उदाहरण फ्रीडेस्कटॉपचं. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या पडद्यावर जे काही दिसतं, खिडक्या, चित्रं, व्हिडिओ, त्यामागचा बराचसा कोड या प्रकल्पाच्या सर्व्हरवर राहतो. लिहिणारे जगभर विखुरलेले, काही पगारी, काही हौशी. त्यांनी आपलं भांडार गुगलच्या क्लाउडवर नेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये प्रकल्पाचा खर्च उचलणाऱ्या एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनला जाहीर सांगावं लागलं की खर्च त्या वर्षी ७५ हजार डॉलरच्या आसपास जाईल आणि असं चाललं तर काही सेवा बंद कराव्या लागतील. हा पैसा कोड ठेवण्यावर जात नव्हता. प्रत्येक बदलानंतर आपोआप तयार होणाऱ्या चाचणीच्या फाइली आणि त्या फाइली बाहेरच्या चाचणी-यंत्रांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवणं, यावर जात होता. चाचणी-यंत्रं कंपन्यांनी फुकट दिलेली. त्यांच्यापर्यंत माल पोचवण्याचं भाडं मात्र फाउंडेशनच्या गळ्यात.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. हे संकट टळलं ते इक्विनिक्स नावाच्या कंपनीने आपली यंत्रं मोफत वापरायला दिली म्हणून. २०२५ च्या जानेवारीत कळलं की ती सेवाच कंपनी गुंडाळते आहे आणि वसंत ऋतू संपायच्या आत बिऱ्हाड हलवायला हवं. मंडळींनी धावपळ करून जर्मनीतल्या हेट्झनरकडे भाड्याची यंत्रं घेतली आणि स्वतःच्या खिशातून भाडं भरायचं ठरवलं. कंपनीने वाईट काय केलं? काहीच नाही. तिचा धंदा बदलला. गुगलने २०१५ मध्ये गुगल कोड बंद करत असल्याचं सांगितलं तेव्हाही असंच झालं होतं. इनाम देणाऱ्याची मर्जी असते तोवर इनाम; नव्या राजवटीत इनाम कमिशन बसतं आणि सनदा तपासल्या जातात, हे महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात पुरेपूर पाहिलेलं आहे. नव्या स्टार्टअपना आणि स्वयंसेवी प्रकल्पांना मोठ्या क्लाउड कंपन्या हजारो डॉलरचं ‘क्रेडिट’ देतात. घ्यावं, जरूर घ्यावं. पण क्रेडिट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं सगळं सामान दुसरीकडे न्यायला किती पैसे लागतील, तेवढी रक्कम पहिल्या दिवशी बँकेत बाजूला काढलेली असेल तरच. कारण कंपनीकडून आधी सवलत मागून घेतली नाही, तर सामान बाहेर न्यायलाही जीबीमागे तेच सव्वानऊ रुपये लागतात.

सरकारी आश्रय तरी पक्का असतो का? डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि इतर केंद्रांनी लाखो पुस्तकं स्कॅन केली. त्यांत मराठीची कितीतरी जुनी, बाजारात कुठेच न मिळणारी पुस्तकं होती. पुढे ते संकेतस्थळ बंद झालं. आज ती पुस्तकं मराठी वाचक उघडतो ती इंटरनेट आर्काइव्हवर, आणि तिथे ती आहेत कारण अमेरिकेतल्या कार्ल मालामुड यांनी चार लाखांहून अधिक पुस्तकांची प्रत वेळेत तिकडे नेऊन ठेवली. विदर्भातल्या एखाद्या बंद पडलेल्या छापखान्याचं पुस्तक आज सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका धर्मादाय संस्थेच्या तबकडीवर आहे म्हणून वाचता येतं. दुसऱ्या प्रतीचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे, हे यावरून कळावं. आणि ती संस्था तरी किती खटले आणि किती हल्ले सोसणार, हाही प्रश्न आहेच.

विकिपीडियाने दोन्ही जुन्या रीती वापरल्या. सुरुवातीला सगळा भार बोमिस या खाजगी कंपनीच्या सर्व्हरवर होता. २००३ च्या डिसेंबरात यंत्रं कोलमडली तेव्हा सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी वाचकांपुढे हात पसरला आणि वाचकांनी दिलं. तेव्हापासून दर वर्षी पानाच्या माथ्यावर ती विनवणी येते, आपण चिडतो, आणि काही जण देतात. ही पाटणची पळी. मग २०१६ साली कायम निधी सुरू केला, दहा वर्षांत १० कोटी डॉलर जमवायचं ठरवलं आणि ते २०२१ मध्येच जमले. ही नाशिकची ठेव. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच छपराखाली राहतो. मराठीत लेख लिहिणाऱ्याला सर्व्हरचा विचार कधी करावा लागत नाही, तो यामुळे. मात्र त्यांच्या जमाखर्चातली एक गोष्ट लहान प्रकल्पांनी वाचायला हवी. २०२२-२३ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा एकूण खर्च जवळपास १७ कोटी डॉलर होता. त्यात सर्व्हर ठेवण्याचा वाटा ३१ लाखांच्या आसपास, दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीचा मोठा भाग माणसांवर. यावर टीका होते आणि ती काही अंशी रास्त आहे. पण रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर उठून बसणारा माणूस हौशी असला तरी फुकट नसतो. त्याची झोप कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही आणि तो कंटाळून निघून गेला की मगच ती रक्कम किती होती ते समजतं.

आता परत हुडकेश्वरला. इथे पहिला मोह होतो तो घरीच जुन्या संगणकावर सर्व्हर चालवण्याचा. ६० वॉटचं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला ४३ युनिटं. युनिट १० रुपयांना धरलं तरी साडेचारशेच्या आत. स्वस्त वाटतं. पण नागपूरचा उन्हाळा आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता. घराघरात डेझर्ट कूलर. म्हणजे दमट हवा, खसाचा कचरा, आणि दुपारी खोली बंद करून सगळे बाहेर गेले की कूलरही बंद. अशा खोलीत हार्ड डिस्कला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगवायची तर एसी हवा, आणि एसी आला की साडेचारशेचा हिशेब फाडून टाका. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरला दोन-तीन वर्षांनी नवी बॅटरी. घरात दुसरी प्रत ठेवावी, आठवड्यातून एकदा यंत्र चालू करून ती ताजी करावी, पुन्हा बंद करून कपाटात ठेवावी. लोकांना द्यायचं दुकान तिथे मांडू नये.

दुकानासाठी मीटरवर चालणाऱ्या क्लाउडपेक्षा ठरल्या भाड्याचं यंत्र बरं. युरोपातल्या काही कंपन्या महिन्याच्या भाड्यातच २० टेराबाइटपर्यंतची वाहतूक धरतात. वर ज्याचं बिल दहा हजार झालं ते १,००० जीबीचं वाटप तिथे काहीशे रुपयांत बसतं. फाइल जर्मनीतून येते म्हणून उतरवायला जरा उशीर लागेल. शब्दकोश एकदाच उतरवायचा असतो. लागला उशीर तर लागला. शिवाय कधी सॉफ्टवेअर अचानक गाजलं तर मीटरवाल्या सेवेत खिसा फाटतो, ठरल्या भाड्याच्या सेवेत फार तर यंत्र संथ होतं. हौशी मंडळींनी दुसरा त्रास पत्करावा.

यापुढचा निर्णय कुणालाच आवडत नाही, तो म्हणजे काय टाकून द्यायचं. रोज रात्री आपोआप तयार होणारी १ जीबीची आवृत्ती जपून ठेवली तर वर्षाअखेर ३६५ जीबी होतात, महिन्याचं बिल पावणेआठशे. तिसऱ्या वर्षाअखेर तेवीसशे, आणि सॉफ्टवेअरची एकही नवी सोय वाढलेली नसते. कोडचा इतिहास जपावा, तो काही एमबींचा असतो आणि त्यावरून जुनी आवृत्ती पुन्हा बांधता येते. तयार फाइलींपैकी जाहीर केलेल्या तेवढ्या ठेवाव्यात, बाकीच्या तीस दिवसांनी पुसाव्यात. हा नियम पहिल्याच आठवड्यात लिहून यंत्राला शिकवावा. नंतर कुणी पुसायला बसत नाही. प्रत्येक फाइल कुणाच्या तरी आठवणीतली निघते.

आणि पैसे भरतो कोण, हेही पाहावं. बहुतेक ठिकाणी कुणा एकाचं क्रेडिट कार्ड. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या आपोआप होणाऱ्या कपातींना नवे नियम लावले तेव्हा अनेकांच्या परदेशी सेवांचे हप्ते गुपचूप थांबले आणि ‘पैसे आले नाहीत’ अशी ईमेल कुणी न उघडणाऱ्या पत्त्यावर पडून राहिली. डोमेन हातचं जातं ते बहुधा अशाच कारणाने, गरिबीने नव्हे. दोघांच्या सहीचं बँक खातं, दोघांना माहीत असलेला पासवर्ड, डोमेनचं पाच वर्षांचं भाडं आगाऊ, आणि जमाखर्च दर एप्रिलला सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पानावर. वापरणाऱ्याला पान उघडल्यावर दिसू द्या की वर्षभरात इतके खर्च झाले आणि इतके जमले. पळी तिथेच पुढे करायची.

ठेव करायचीच झाली तर आकडा समजून घ्यावा. वर्षाला १२,००० रुपये लागतात असं धरलं, तर उषवदाताच्या दराने एक लाख पुरले असते. आज बँकेत साडेसहा टक्के मिळाले तर एक लाख ८५ हजार लागतील, आणि तेही डॉलर-युरो आहेत तिथेच राहिले तर. ते राहत नाहीत. म्हणून व्याजातलं थोडं मुद्दलात परत घालावं लागेल आणि सुरुवातीची रक्कम अडीच-तीन लाखांची धरावी लागेल. एवढ्या पैशात हुडकेश्वरमध्ये एका मंगल कार्यालयात साधंसं लग्नही लागत नाही, पण एका हौशी गटाला हे पैसे उभे करायला सहज दोन-तीन वर्षं जातात.

तोवर दुसरा मार्ग आहे आणि तो नागपुरातच आहे. १९६० मध्ये सुरू झालेलं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचं व्हीएनआयटी, आणि १९२३ चं नागपूर विद्यापीठ. देशातल्या अशा उच्च शिक्षणसंस्थांना जोडायला केंद्र सरकारने नॅशनल नॉलेज नेटवर्क उभारलं. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागात लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांच्या प्रती मिररवर, म्हणजे मूळ मजकुराची जशीच्या तशी प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, वर्षानुवर्षं ठेवलेल्या आहेत आणि देशभरातले लोक त्या उतरवून घेतात. मराठी सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, मराठी शब्दसंग्रह यांचा असाच एक मिरर नागपुरातल्या एखाद्या संस्थेच्या सर्व्हर खोलीत, आधीच थंड केलेल्या रॅकमध्ये, एका यंत्रावर ठेवायला फारसं काही लागत नाही. लागतं ते एक पत्र. त्या पत्रात जागा पाच वर्षांसाठी मागावी, यंत्र बंद करायचं झालं तर सहा महिने आधी कळवण्याची अट घालावी, यंत्राची जबाबदारी संस्थेतल्या कुणा एका प्राध्यापकाच्या नावाने न देता विभागाच्या नावाने द्यावी, आणि त्या पत्राची प्रत आपल्या जमाखर्चाच्या पानावर लावावी.